मनाची नाडी



दिल्लीत अन्सारीनगरला अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. 'एम्स' ह्या आखूड नावाने ती देशभर ओळखली जाते. तिच्या आवारातील कर्करोग रुग्णालयासमोर उजाडण्यापूर्वीच माणसांची रांग लागते. कोणी बिहारमधून आलेला असतो, कोणी पूर्व उत्तर प्रदेशातून, कोणी हरियाणाच्या खेड्यातून. क्वचित एखादा मराठी शब्दही कानी पडतो. ह्या रांगेकडे थोडे निरखून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. कागदांची पिशवी बहुधा रोग्याच्या हाती नसते. ती मुलाच्या, जावयाच्या किंवा धाकट्या भावाच्या काखेत असते. रोगी बाकावर बसून राहतो आणि डॉक्टरांशी बोलायला दुसराच कोणी आत जातो. बाहेर आल्यावर तो चेहरा सावरून म्हणतो, "काही नाही बाबा, साधी गाठ आहे, औषधाने जाईल." बाबाही मान हलवतात. खरे काय ते दोघांनाही उमगलेले असते. आणि दुसऱ्यास ते उमगलेले नाही असे समजून दोघेही चालत असतात.

ह्या बाबांची नाडी दिवसातून अनेकदा पाहिली जाईल. ताप मोजला जाईल, रक्तदाब टिपला जाईल, रक्ताच्या चाचण्या होतील, गाठीची लांबीरुंदी मिलिमीटरपर्यंत नोंदली जाईल. परंतु रात्री तीन वाजता जागे होऊन छताकडे पाहताना त्यांच्या मनात काय चालते, हे कोणत्या कागदावर लिहिले जाईल? रोग्याच्या मनाची नाडी कोणी पाहावी, हा प्रश्न आधुनिक वैद्यकाने स्वतःस रीतसर विचारला त्यास जेमतेम पाऊणशे वर्षे झाली आहेत. त्या प्रश्नाचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

रोग मात्र फार जुना. सुश्रुतसंहितेत 'अर्बुद' म्हणून ज्या गाठी वर्णिल्या आहेत, त्यांतील काहींत आजचा कर्करोग ओळखता येतो. ग्रीक वैद्यांना ही गाठ खेकड्यासारखी दिसली, म्हणून त्यांनी तिला खेकड्याचे नाव दिले. आपला 'कर्करोग' हा शब्द त्याच कल्पनेतून आला. शब्द कोशात आला खरा, पण घरात तो उच्चारीत नसत. 'तो आजार', 'मोठे दुखणे', 'गाठ' अशा आडवळणांनी त्याचा उल्लेख होई. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत तर "त्यांना टाटाला नेले आहे" एवढे म्हटले की ऐकणारा पुढे काही विचारीत नसे. इस्पितळाचे नावच रोगाचे नाव होऊन बसले.

ह्या मौनाला निव्वळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या काळी उपाय नव्हता त्या काळी वैद्यापाशी देण्याजोगी एकच वस्तू होती, आणि ती म्हणजे अनिश्चितता. 'कदाचित बरे वाटेल' ह्या आशेवर रोग्याचे चार महिने सुखाचे जावेत, ही त्यामागील भावना होती. मौन ही एका परीने दयाच होती. प्रश्न असा की, परिस्थिती बदलल्यावरही ते मौन का उरले?

परिस्थिती बदलल्याची आपल्या देशातील मोठी खूण म्हणजे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटाही निवर्तले. त्यांच्या नावच्या विश्वस्तनिधीतून परळ येथे हे रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी वाहिली. १९४५ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात धोतराची गाठ कमरेस जेथे वर्षानुवर्षे घासते तेथे होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन आहे. गाठ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून भागत नाही. माणूस काय नेसतो, काय चघळतो, कसा राहतो, हेही पाहावे लागते, ही दृष्टी त्यातून आली. रोग्याचे राहणीमान अशा रीतीने वैद्यकाच्या नजरेस आले. त्याचे मन मात्र अद्याप त्या नजरेच्या बाहेर होते.

मनाकडे पहिले पाऊल पडले ते न्यूयॉर्क शहरात. १९५० नंतरच्या काही वर्षांत तेथील मेमोरियल रुग्णालयात आर्थर सदरलँड ह्या मानसोपचारतज्ज्ञाने शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या मनःस्थितीचा अभ्यास आरंभिला. स्तन काढून टाकावा लागलेल्या स्त्रिया, आतड्याचे तोंड पोटावर आणून ठेवावे लागलेले पुरुष: शस्त्रवैद्याच्या वहीत हे सारे 'यशस्वी' म्हणून नोंदलेले. घरी गेल्यावर ही माणसे लोकांत मिसळत नाहीत, आरशात पाहत नाहीत, आपण कोणासही नकोसे झालो असे मानतात, हे तेव्हा प्रथम पद्धतशीरपणे लिहिले गेले. त्याच शहरात, त्याच सुमारास, टेरेस लासर नावाच्या एका गृहिणीवर १९५२ साली अशीच शस्त्रक्रिया झाली. बरी होताच ती इतर रुग्णस्त्रियांच्या खाटांपाशी जाऊन बसू लागली. तिच्यापाशी ना पदवी होती, ना अधिकार. पण 'मी ह्यातून गेले आहे आणि तुमच्यापुढे उभी आहे' हे वाक्य कोणत्याही पदवीधरास म्हणता न येणारे होते.

तरीही रोग्यास खरे सांगावे की नाही, ह्याविषयी वैद्यकाचे मत कसे होते? १९६१ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयातील दोनशेहून अधिक डॉक्टरांना हा प्रश्न विचारण्यात आला, तेव्हा शंभरांपैकी नव्वदांचा कल न सांगण्याकडे होता. अठरा वर्षांनी, १९७९ मध्ये, अमेरिकेतच तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हा सत्त्याण्णव टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. एवढ्या थोड्या अवधीत एखाद्या व्यवसायाचे नीतिशास्त्र इतके पालटल्याची उदाहरणे विरळा. ह्याचे एक कारण असे की मधल्या काळात काही कर्करोग बरे होऊ लागले होते. महिनोन् महिने चालणारा, केस गाळणारा, अन्नावरची वासना उडवणारा उपचार घ्यावयाचा असेल, तर तो कशासाठी हे रोग्यास सांगणे भागच पडते. दुसरे कारण म्हणजे रोग्याचा हक्क मानणारे नवे लोकमत.

ह्याच काळात आणखी तीन स्त्रियांनी ह्या विषयास आकार दिला. लंडनमध्ये सिसिली साँडर्स ह्यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे आश्रयगृह उघडले. वेदना केवळ हाडामांसाची नसते; तिच्यात मनाची, संसाराची आणि श्रद्धेची वेदना मिसळलेली असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६९ साली एलिझाबेथ क्युब्लर-रॉस ह्यांनी मरणोन्मुख माणसांशी केलेली संभाषणे ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली. आणि १९७७ मध्ये, सदरलँड ह्यांच्याच रुग्णालयात, जिमी हॉलंड ह्या विदुषीने कर्करोग्यांसाठी मानसोपचाराचा पूर्णवेळ विभाग उभा केला. पुढे १९९७ मध्ये ह्या विषयाचे नियम ठरविण्यासाठी अमेरिकेत जे तज्ज्ञमंडळ बसले, त्याच्या अध्यक्षपदी हॉलंडच होत्या. त्या मंडळाने एक शहाणपणाची गोष्ट केली. 'मनोविकार' हा शब्द लोकांना भिववितो, म्हणून त्यांनी 'क्लेश' ह्या अर्थाचा साधा शब्द निवडला. 'तुम्हांला मनोविकार आहे काय?' ह्या प्रश्नाने माणूस मिटून जातो. 'मनाला फार त्रास होतो काय?' असे विचारले तर तो बोलू लागतो.

आता दिल्लीकडे वळू. एम्सची स्थापना १९५६ ची. राजकुमारी अमृत कौर ह्यांच्या आग्रहातून ती उभी राहिली. तिच्या आवारात कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय झाले ते १९८० नंतरच्या दशकात. उत्तर हिंदुस्थानातील रोग्यांचा ओघ तिकडे वाहू लागला आणि त्याबरोबर तेच जुने मौनही आले. किरणोपचाराला तेथील रांगेत 'सिकाई' म्हणतात, म्हणजे नुसता शेक! शब्द किती सौम्य. पण सहा आठवडे रोज शेकायला नेणारे यंत्र पाहून कोणता माणूस काही समजणार नाही?

ह्या मौनाला आपल्या चित्रपटांनी एक मोहक रूप दिले. १९७१ सालचा 'आनंद' पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्यातील नायक दिल्लीहून मुंबईस येतो, आपणास दुर्धर कर्करोग आहे हे जाणतो आणि सर्वांना हसवीत जातो. चित्रपट सुंदर आहे, ह्यात वाद नाही. परंतु त्याने कळत नकळत रोग्यापुढे एक कठीण आदर्श ठेवला. रोग्याने हसावे, इतरांस रडू द्यावे. स्वतः रडू नये. ज्यास ते जमत नाही त्याचे काय?

त्याचे उत्तर दिल्लीत एका रुग्णस्त्रीनेच दिले. हरमाला गुप्ता ह्यांना कॅनडात असताना रसग्रंथींचा कर्करोग झाला. तेथे त्या बऱ्या झाल्या. उपचारांबरोबर रोग्यांस मिळणारा धीर, एकमेकांस भेटणारे रोग्यांचे गट, हेही त्यांनी तेथे पाहिले. दिल्लीत परतल्यावर त्यांना जाणवले की येथे औषध आहे, शस्त्रक्रिया आहे, पण बोलायला कोणी नाही. १९९१ मध्ये भारतीय कर्करोग संस्थेच्या छत्राखाली त्यांनी 'कॅन्सर सहयोग' हा गट सुरू केला. ही संस्था मूळची मुंबईची. १९५१ मध्ये डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा ह्यांनी ती स्थापिली होती. 'सहयोग'च्या कार्यकर्त्यांत ह्या रोगातून गेलेली माणसे होती. जे लासर ह्यांनी न्यूयॉर्कमध्ये केले तेच दिल्लीच्या बाह्यरुग्ण विभागांत होऊ लागले: खाटेपाशी बसणे, ऐकणे आणि आपली कथा सांगणे.

पण इस्पितळात भेटणारा रोगी काही दिवसांनी घरी जातो. 'आता येथे करण्यासारखे काही उरले नाही' असे ज्यास सांगितले जाते तो तर कायमचाच घरी जातो, आणि खरा अंधार तेथे सुरू होतो. म्हणून १९९६ मध्ये 'कॅनसपोर्ट' ही संस्था निघाली आणि पुढच्या वर्षापासून डॉक्टर, परिचारिका व समुपदेशक ह्यांचे पथक रोग्याच्या घरी विनामूल्य जाऊ लागले. एका पथकापासून सुरू झालेले हे काम पुढे दिल्ली व भोवतालच्या शहरांत पसरले. घरी गेल्यावर जे दिसते ते इस्पितळात दिसत नाही. एका खोलीत सात माणसे, रोग्याची खाट दाराशी, शाळा सुटलेली मुलगी, गहाण पडलेले दागिने. अशा घरात मनाचे दुःख कोणते आणि पैशाचे कोणते, हे वेगळे काढणे अवघड असते.

ह्या दुःखाचे प्रमाण किती, असे आपण विचाराल. १९८३ मध्ये अमेरिकेतील तीन केंद्रांत २१५ रोग्यांची पाहणी झाली. त्यांपैकी ४७ टक्क्यांना निदान करण्याइतपत मानसिक त्रास आढळला. आणि त्यांतील बहुतेकांचा त्रास नव्या परिस्थितीशी जुळवून घेता न आल्याचा होता. म्हणजे ही माणसे वेडी नव्हती. ती एका मोठ्या आघाताखाली वाकलेली होती. २०११ मध्ये अनेक देशांतील शेकडो नव्हे तर हजारो मुलाखतींचे एकत्र मूल्यमापन झाले, तेव्हा इस्पितळातील रोग्यांपैकी ३० ते ४० टक्क्यांत नैराश्य, चिंता किंवा असाच एखादा विकार दिसून आला. भारतात २०२२ साली सुमारे १४ लाख ६० हजार नवे कर्करोगी असावेत असा अंदाज वैद्यकीय संशोधन परिषदेने दिला होता. पाश्चात्त्य प्रमाण येथे जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. तरी प्रश्न लाखोंचा आहे एवढे निश्चित.

मोजण्यासाठी तापमापकाचे चित्र काढलेली एक पट्टी वापरतात. तिच्यावर शून्यापासून दहापर्यंत आकडे असतात. गेल्या आठवड्यातील आपल्या क्लेशाचा आकडा रोग्याने दाखवावयाचा. चार किंवा अधिक असेल तर पुढे चौकशी करावयाची. युक्ती सोपी आणि उपयुक्त आहे. कॅनडाने तर २००४ मध्ये क्लेशास शरीराची सहावी खूण मानले; ताप, नाडी, श्वास, रक्तदाब आणि वेदना ह्या पहिल्या पाच. परंतु आपल्याकडे दुःख आकड्यांत बोलत नाही, ते शरीराच्या भाषेत बोलते. आपली आजी 'मला नैराश्य आले आहे' असे कधी म्हणणार नाही. ती म्हणेल, 'जीव रमत नाही', 'काळजात धस्स होते', 'अन्न गोड लागत नाही'. हिंदी मुलखातील बाई म्हणेल, 'जी घबराता है'. डॉक्टर ते ऐकून हृदयाची तपासणी करवितात आणि तपासणी निर्दोष निघते. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसास तर हे दुःख दुसऱ्या भाषेत सांगावे लागते. बाजारहाट परभाषेत करता येतो. भीती मात्र मातृभाषेतच नीट सांगता येते.

आणखी एक भेद बंगळूरच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या, विशेषतः डॉ. संतोष चतुर्वेदी ह्यांच्या, १९९१ मधील लेखनातून पुढे आला. परदेशी प्रश्नावल्यांत रोगी किती चालतो, किती काम करतो, ह्यास महत्त्व असते. भारतीय रोग्यांनी मात्र मनाची शांती, धर्मकृत्यांतील समाधान आणि कुटुंबाचे सुख ह्यांस अधिक मोल दिले. आमचा रोगी एकटा आजारी पडत नाही, घर आजारी पडते. म्हणूनच आमच्याकडे मौन अधिक चिवट आहे. औषधाचा खर्च मुलगा करतो, निर्णय मुलगा घेतो. बातमीही त्याच्याच ताब्यात राहते. तो ती प्रेमापोटीच लपवितो. पण त्याची किंमत दोघांनाही पडते. बापास मुलीच्या लग्नाविषयी, शेताच्या वाटणीविषयी, जुन्या रुसव्याविषयी जे बोलायचे असते ते राहून जाते. आणि मुलास बापापाशी बसून रडायचे असते, तेही राहून जाते.

दिल्लीतच असलेल्या सर्वोच्च न्यायालयाने ह्या बाबतीत दोन महत्त्वाचे निर्णय दिले. उपचाराचे स्वरूप, लाभ व धोके समजून दिलेली संमती हीच खरी संमती, हे २००८ मध्ये सांगितले गेले. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्याही पुढे जाऊन, अखेरच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला. पण विचार करा: ज्यास आपला रोगच ठाऊक नाही तो काय लिहून ठेवणार? कायदा ज्या माणसास अधिकार देतो तो जाणता माणूस आहे, आणि रांगेतला माणूस अजाण ठेवलेला आहे. ह्या दोहोंमधील अंतर न्यायालयास मिटविता येत नाही. ते घरातच मिटावे लागते.

ह्यावर कोणी म्हणेल, 'खरे सांगितले तर माणूस हाय खाऊन मरेल.' ही भीती खोटी नाही, म्हणून तिचा उपहास करू नये. सत्य अंगावर फेकावयाचे नसते. अनुभवी समुपदेशक प्रथम रोग्यासच विचारतात: 'आपल्या आजाराविषयी आपणास काय वाटते? किती सांगावे असे आपणास वाटते?' ज्यास ऐकायचे नाही त्याच्यावर सक्ती नाही. ज्यास ऐकायचे आहे त्यास नकार नाही. पुष्कळ वेळा रोगी शांतपणे म्हणतो की मला ठाऊकच होते. त्या क्षणी त्याचे दुःख नाहीसे होत नाही, पण त्यातला एकटेपणा जातो.

सार्वजनिक जीवनातही हे मौन हळूहळू फुटते आहे. २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेले शरद पवार तंबाखू-गुटख्याविरुद्ध आपला अनुभव उघडपणे सांगत आले आहेत. दिल्लीत संरक्षणमंत्री राहिलेले मनोहर पर्रीकर २०१८ मध्ये काही आठवडे एम्समध्ये होते. त्यांस स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जाहीर केले. नाकात नळी असताना त्यांनी कामकाज पाहिले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये, जागतिक कर्करोगदिनी, मानवी मन कोणत्याही रोगावर मात करू शकते अशा आशयाचे उद्गार काढले. पुढच्याच महिन्यात, १७ मार्चला, ते गेले. त्यांच्या धैर्यास कोणीही वंदनच करील. परंतु त्यातून एक चुकीचा धडा घेऊ नये. मन खंबीर नव्हते म्हणून रोग बळावला, असा हिशेब मांडला तर मरणाऱ्या माणसावर आणखी एक आरोप ठेवल्यासारखे होते. 'पूर्वजन्मीचे पाप' हा जुना आरोप होता; 'तू लढला नाहीस' हा नवा. खचलेल्या मनास आधार द्यावयाचा तो त्याने गाठ विरघळेल म्हणून नव्हे. तर उरलेले दिवस, मग ते चार असोत वा चार हजार, माणसासारखे जगता यावेत म्हणून.

आणि ज्याचे शरीर वेदनेने पिळवटते आहे त्यास मनाचा उपदेश करणे हा तर क्रूरपणाच. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याने मॉर्फिन मिळणे इतके अवघड केले की ज्या देशात अफू पिकते त्याच देशात कर्करोगी तळमळत राहिले. २०१४ मध्ये संसदेने तो कायदा सुधारला आणि वाट काहीशी मोकळी झाली. वेदना थांबल्यावर पुष्कळांच्या मनातील मरणाची इच्छाही मावळते, असा ह्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा अनुभव आहे.

दिल्लीच्या परिसरात इमारती वाढल्या आहेत. झज्जर येथे एम्सची राष्ट्रीय कर्करोग संस्था २०१९ मध्ये राष्ट्रास अर्पण झाली. रोग्यांच्या आप्तांना रस्त्यावर झोपावे लागू नये म्हणून तेथे ८०६ खाटांचे विश्रामसदन २०२१ मध्ये उघडले गेले. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर सुरू केली. तिच्यावर अनेक भारतीय भाषांत बोलता येते. विश्रामसदनाची खाट ही देखील मनाचेच औषध आहे, कारण ज्याची बायको पदपथावर झोपली आहे त्या रोग्यास कोणते समुपदेशन लागू पडणार?

तथापि हा इतिहास मुळात इमारतींचा नाही. लासर काय, हॉलंड काय, हरमाला गुप्ता काय, ह्या सर्वांनी केलेली मूळ कृती एकच होती. खाटेपाशी खुर्ची ओढून त्या बसल्या आणि रोग्यास बोलू दिले. ह्या कृतीस यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात वा शेजारात असा एखादा रोगी असेल. त्याच्याकडे जाताना आपण फळे नेतो, कोणा वैद्याचा पत्ता नेतो, दूरच्या कोणाच्या बरे होण्याची कथा नेतो. ह्या खेपेस थोडा वेळ न्यावा. 'काही होत नाही' असे घाईने म्हणण्याऐवजी 'काय वाटते तुम्हांला?' असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

कागदांची पिशवी काखेत धरून बाहेर आलेला तो मुलगा उद्या पुन्हा त्या बाकापाशी येईल. त्याने एकदा ती पिशवी बाबांच्या मांडीवर ठेवावी, शेजारी बसावे आणि म्हणावे, "बाबा, आपण बोलू या का?" बाबा बहुधा ह्याचीच वाट पाहत असतील.